अमूल्य आणि विनामूल्य

मराठीत इंग्रजी शब्द घुसतात ही तक्रार जुनी आहे, आणि ती बहुधा 'टेबल', 'स्टेशन' अशा निरुपद्रवी शब्दांवरच खर्ची पडते. वस्तू नवी आली, तिच्याबरोबर तिचे नाव आले, एवढाच तो मामला असतो. खरे लक्ष द्यावे ते निराळ्या शब्दांकडे. ज्या अर्थासाठी आपल्याकडे शब्द नव्हता असे कोणीही म्हणणार नाही, तरीही जे सुशिक्षित मराठी तोंडी सर्रास रुळले, ते शब्द काय सांगतात हे पाहण्यासारखे असते. 'प्राइसलेस', 'युनिक' आणि अलीकडे 'इररिप्लेसेबल' हे त्यांतले तीन. नातवाच्या चेहऱ्यावरचा भाव 'प्राइसलेस' असतो, मुलीसाठी नाव 'युनिक' हवे असते, आणि निवृत्त होणाऱ्या सहकाऱ्याला निरोप देताना तो 'इररिप्लेसेबल' असल्याचे सांगितले जाते. दुसऱ्या दिवशी त्याच्या खुर्चीवर दुसरा बसलेला असतो.

'प्राइसलेस'ला आजचे रूप देण्यात एका जाहिरातमालेचा वाटा मोठा आहे. मास्टरकार्ड या कंपनीने १९९७ मध्ये ती अमेरिकेत सुरू केली. एखाद्या प्रसंगातल्या वस्तूंच्या किमती एकामागून एक सांगायच्या, आणि शेवटी ज्या गोष्टीची किंमत होत नाही तिचे नाव घ्यायचे, असा तिचा साचा. पैशाने जे मिळत नाही त्यासाठीचा शब्द जगभर पोचवला तो पैसे खर्च करण्याचे साधन विकणाऱ्या कंपनीने, ही यातली गंमत. आपल्याकडेही अशी गंमत आहे. 'अमूल' या नावामागे 'अमूल्य' आहे हे पुष्कळांना ठाऊक असते, आणि त्या नावाच्या प्रत्येक पिशवीवर कमाल विक्री किंमत छापलेली असते. यात दोष कोणाचाच नाही. 'अमूल्य' हा शब्द बाजारात किती सहज वावरतो एवढेच यातून दिसते. तो शब्द बाजाराला अडवत नाही.

इंग्रजीत या अर्थाच्या शब्दांचे एक कुटुंबच आहे. 'प्राइसलेस' म्हणजे ज्याची किंमत होत नाही. 'इन्व्हॅल्युएबल' आणि 'इनएस्टिमेबल' म्हणजे ज्याचे मोल ठरवता येत नाही, मोजदाद होत नाही. 'युनिक' म्हणजे ज्याच्यासारखे दुसरे नाही. 'इररिप्लेसेबल' म्हणजे ज्याच्या जागी दुसरे ठेवता येत नाही. पहिल्या तिघांना किंमत नाकारायची आहे, चौथ्याला जोडी नाकारायची आहे आणि पाचव्याला बदली. या पाचांपैकी एकही शब्द वस्तूविषयी होकारार्थी काही सांगत नाही. जे प्रिय आहे ते कसे आहे, कोणाचे आहे, त्याचे काय करायचे, यावर हे शब्द गप्प आहेत. शिवाय या कुटुंबात एक घसरगुंडीही आहे. 'इन्व्हॅल्युएबल' आणि 'व्हॅल्युलेस' या दोन्ही शब्दांत मूल्यच नाकारलेले आहे. पैकी एक मुकुटात जडवायचा असतो आणि दुसरा उकिरड्यावर टाकायचा. इंग्रजी शिकणारा मराठी विद्यार्थी येथे हमखास अडखळतो.

मराठीतली हीच जोडी मात्र आपल्या रोजच्या सवयीची असल्यामुळे आपण तिच्याकडे पाहत नाही. 'अमूल्य' म्हणजे मूल्य नसलेले. 'विनामूल्य' म्हणजेही मूल्य नसलेले. एकाच सभेच्या निमंत्रणपत्रिकेत पाहुण्यांचे मार्गदर्शन 'अमूल्य' असते आणि प्रवेश 'विनामूल्य' असतो, आणि पाहुण्याला मानधन न देता शाल व नारळ दिला की दोन्ही शब्द एकाच व्यक्तीला लागू पडतात. या लेखाचे म्हणणे थोडक्यात असे आहे: ज्या गोष्टीला आपण 'अमूल्य' म्हणतो, ती आपल्या व्यवहारात फार लवकर 'विनामूल्य' होते, आणि शब्दाच्या या घसरणीची खरी किंमत कोणीतरी मोजत असते.

'मोल' या शब्दाचा संसार या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. 'मूल्य' या संस्कृत शब्दाचेच ते घरगुती रूप. 'किंमत' अरबीतून फारसीमार्फत आली आणि बाजारात बसली, 'मोल' घरात आणि शेतात राहिले. मोलाने माणसे लावतात, मोलमजुरी करतात, आणि जी बाई दुसऱ्याच्या घरी भांडी घासते ती मोलकरीण. म्हणजे मोल हे मुळात श्रमाचे दाम. पण त्याच शब्दाला 'चा' लावला की 'मोलाचा सल्ला', 'मोलाचे सहकार्य' असे आदराचे शब्द होतात. 'मोलाचे' म्हणजेही मौल्यवान आणि 'अनमोल' म्हणजेही मौल्यवान. मोल असणे आणि मोल नसणे दोन्ही स्तुतीची. फक्त जिचे नावच मोलावरून पडले आहे तिच्या कामाला 'मोलाचे' म्हणायचे मात्र आपल्याला सुचत नाही.

बोलीभाषा किंमत नाकारण्याच्या फंदात सहसा पडत नाही. ती उलट किंमत सांगून मोकळी होते. माणूस 'लाखमोलाचा' असतो, झाकली मूठ 'सव्वा लाखाची' असते, पोर 'सोन्यासारखे' असते. पुसेगावला सेवागिरी महाराजांच्या यात्रेत जनावरांचा मोठा बाजार भरतो. खिलार बैलाची जोडी 'लाखमोलाची' आहे असे तेथे मालक सांगतो तेव्हा तो ती विकायलाच आलेला असतो. बैलबाजारात रुमालाखाली बोटांच्या खुणांनी सौदा करण्याची चाल जुनी आहे. भाव उघड्यावर बोलायचा नाही, त्यात व्यापाऱ्याची हुशारी आहेच. पण जिवंत, पोसलेल्या जनावराचा आकडा चारचौघांत उच्चारायचा नाही, एवढा संकोचही त्या रुमालात असावा असे मला वाटते. त्या संकोचातही किंमत नाकारलेली नाही, ती झाकलेली आहे.

ज्या वेळी विकण्याचा प्रश्नच नसतो, त्या वेळी आपली भाषा आणखी निराळ्या वाटेने जाते. 'गळ्यातला ताईत', 'काळजाचा तुकडा', 'दुधावरची साय', 'तळहातावरच्या फोडासारखा जपलेला'. शेवटच्या वाक्प्रचारापाशी जरा थांबले पाहिजे. अत्यंत प्रिय वस्तूला फोडाची उपमा द्यायला धाडस लागते. फोडाला किंमत नाही, शोभा नाही, तो कोणी विकत घेणार नाही. पण तळहातावर फोड असला की प्रत्येक काम करताना त्याची आठवण ठेवावी लागते. दोर धरताना, भाकरी थापताना, हात टेकताना. त्या वस्तूपायी आपल्या वागण्यात जो बदल करावा लागतो, त्यावरून तिचे प्रियपण येथे सांगितले आहे. या सर्व वाक्प्रचारांना 'जपणे' हे क्रियापद उघडपणे किंवा आडून चिकटलेले आहे. 'अमूल्य'ला असे कोणतेही क्रियापद चिकटलेले नाही. अमूल्य वस्तूचे काय करायचे? ती अमूल्य आहे असे म्हणायचे, आणि पुढे जायचे.

हा केवळ शब्दांचा खेळ नाही हे दाखवण्यासाठी एक प्रत्यक्ष गाव घेऊ. सातारा आणि कराड यांच्या दरम्यान, तारळी नदी कृष्णेला मिळते तेथे उंब्रज आहे. पुणे-बंगळूर राष्ट्रीय महामार्ग गावाला लागून जातो. पूर्वी त्याचा क्रमांक ४ होता, आता ४८ आहे. उंब्रजहून पश्चिमेला पाटणकडे निघाले की पुढे कोयनेचे खोरे लागते. एका बाजूला महामार्ग आणि दुसऱ्या बाजूला धरण, अशा मुलखातल्या माणसाला 'भूसंपादन' हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. आणि जमीन ही तर शेतकऱ्याच्या भाषेत 'अमूल्य' गोष्टींमधली पहिली. ती 'काळी आई' आहे.

या काळ्या आईचे मोल कायद्याने कसे केले? १८९४ चा भूसंपादन कायदा जवळजवळ १२० वर्षे चालला. त्याच्या २३ व्या कलमाने जमिनीचा बाजारभाव द्यायचा, आणि संपादन सक्तीचे असल्यामुळे त्यावर काही टक्के जादा द्यायचे. मूळ कायद्यात हे १५ टक्के होते, १९८४ च्या दुरुस्तीने ३० झाले, आणि १ जानेवारी २०१४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यात ते १०० टक्के आहेत. इंग्रजीत या रकमेला 'सोलेशियम' म्हणतात, आपण 'दिलासा रक्कम' म्हणतो. भाषांतर अचूक आहे. लॅटिनमधला तो शब्द सांत्वनाचा आहे आणि आपल्या 'दिलासा'तही फारसीतले 'दिल' आहे. म्हणजे बाजारभावापलीकडे काहीतरी दुखावले जाते, हे १८९४ च्या परक्या सरकारलाही मान्य होते. त्या दुखण्याचा दर १५ टक्के ठरला.

पण त्याच कायद्याचे पुढचे, २४ वे कलम अधिक बोलके आहे. भरपाई ठरवताना न्यायालयाने कोणत्या गोष्टी विचारात घ्यायच्या नाहीत याची यादी त्यात आहे. त्या यादीतली दुसरी बाब अशी की, जमीन सोडायला मालकाची नाखुशी असेल तर ती हिशेबात धरू नये. कायदा लिहिणाऱ्याने येथे लपवाछपवी केलेली नाही. माणसाचा जमिनीवर जीव असतो हे त्याला पक्के ठाऊक होते. म्हणून तर ती गोष्ट नाव घेऊन वगळावी लागली. 'अमूल्य'चे 'विनामूल्य' कसे होते याचे इतके स्वच्छ उदाहरण मला दुसरे माहीत नाही. ज्याची किंमत होत नाही, त्याची किंमत शून्य धरली गेली.

महामार्गांच्या बाबतीत तर दिलाशाचे टक्केही गेले. १९९७ च्या दुरुस्तीने राष्ट्रीय महामार्गांसाठीच्या संपादनाला १८९४ चा कायदा लागू होणार नाही असे ठरले, आणि त्यामुळे रस्त्यात जमीन गेलेल्यांना ही जादा रक्कम मिळेनाशी झाली. एकाच गावात, एकाच बांधाच्या दोन बाजूंना, धरणात किंवा कालव्यात जमीन गेली तर दिलासा आणि महामार्गात गेली तर नाही, असा हा प्रकार होता. सप्टेंबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो समानतेच्या तत्त्वाविरुद्ध ठरवला. मधल्या वीसेक वर्षांत देशातले मोठे महामार्ग चौपदरी होऊन गेले होते.

कोयनेची गोष्ट याहून जुनी आणि जड आहे. १९६० च्या दशकाच्या पूर्वार्धात धरण पुरे झाले, शिवसागर जलाशयात १०५ अब्ज घनफूट पाणी साठू लागले आणि महाराष्ट्राला वीज मिळाली. या त्यागाला भाषणांतून 'अमूल्य' म्हणण्यात कोणी कसूर केली नाही. पण राज्याचा पुनर्वसनाचा पहिला कायदा आला तो १९७६ मध्ये, म्हणजे कोयनेची गावे उठून गेल्यानंतर. धरणग्रस्त सातारा, सांगली, सोलापूर आणि कोकणातल्या जिल्ह्यांत पांगले. श्रमिक मुक्ती दलाच्या नेतृत्वाखाली त्यांतले लोक २०१८ मध्ये कोयनानगरला ठिय्या देऊन बसले तेव्हा जी माणसे धरणाच्या वेळी लहान मुले होती ती आजोबा झालेली होती. पन्नास वर्षांनंतरही त्यांची मागणी 'आमचा त्याग अमूल्य म्हणा' अशी नव्हती. जमीन द्या, ही होती.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो हलका नाही. जे खरोखर प्रिय आहे त्याची किंमत लावणे हाच त्याचा अपमान नव्हे काय? आईच्या मायेचा हिशेब मांडणार का? या प्रश्नाला उत्तर न्यायालयांना द्यावे लागले आहे, कारण अपघातात आई गेली तर घराला भरपाई किती द्यायची हा प्रश्न भावनेचा राहत नाही. जमशेदपूरला १९८९ मध्ये एका समारंभात लागलेल्या आगीत अनेक स्त्रिया आणि मुले दगावली. त्या प्रकरणात २००१ मध्ये निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने गृहिणीच्या सेवेचे मूल्य, मधल्या वयाच्या स्त्रियांपुरते, दरमहा ३००० रुपये धरले. आकडा आज वाचताना तोकडा वाटतो, तेव्हाही तो मोठा नव्हता. पण शून्याच्या जागी आकडा आला ही त्यातली खरी घटना. जानेवारी २०२१ मध्ये त्याच न्यायालयाने गृहिणीचे काल्पनिक उत्पन्न धरण्याच्या तत्त्वाला पुन्हा बळकटी दिली.

दुसरीकडे आपल्या जनगणनेत केवळ घरकाम करणारी स्त्री 'काम न करणारी' या सदरात जाते. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात घरातले बिनपगारी काम करणाऱ्या स्त्रिया त्या कामासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देत असल्याचे आणि ते काम करणारे पुरुष ९७ मिनिटे देत असल्याचे आढळले. जवळजवळ पाच तास. मातृदिनाला 'अमूल्य' म्हणून जिचा गौरव होतो तिचे हे पाच तास कोणत्याही वहीत चढत नाहीत. तेव्हा अपमान कशात आहे? ३००० हा आकडा लावण्यात, की आकडा लावणे शोभत नाही असे म्हणून काहीच न देण्यात? जो कधी काहीच देत नाही त्याला 'अमूल्य' हा शब्द फार सोयीचा पडतो.

किंमत लावणे म्हणजे विकायला काढणे नव्हे, हेही ध्यानात घेतले पाहिजे. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली वाघनखे जुलै २०२४ मध्ये तीन वर्षांच्या कराराने उसनी म्हणून महाराष्ट्रात आली आणि सर्वप्रथम सातारच्या संग्रहालयात मांडली गेली. ती शिवाजीमहाराजांचीच का, यावर वाद झाला. त्या संग्रहालयानेही तशी खात्री देता येत नाही अशीच भूमिका घेतलेली आहे. तो वाद येथे बाजूला ठेवू. संग्रहालये एकमेकांना वस्तू उसनी देतात तेव्हा रिवाज असा की, विम्यासाठी किंवा सरकारी हमीसाठी त्या वस्तूचा आकडा कागदावर लिहावा लागतो. ती वस्तू विक्रीला कधीच नसते. आकडा लिहिला जातो तो हलगर्जीपणा करणाऱ्यावर धाक असावा म्हणून. म्हणजे ज्याची बदली होऊ शकत नाही अशा गोष्टीलाही किंमत लावण्याचे एक सभ्य कारण असते: ती जपली जावी.

आता 'इररिप्लेसेबल'कडे वळू. या शब्दाने मला अधिक विचार करायला लावला, कारण मराठीत त्याचा नेमका प्रतिशब्द शोधताना एक विचित्र गोष्ट हाती लागली. आपल्याकडे या अर्थाचे वाक्प्रयोग आहेत: 'कधीही न भरून येणारी हानी', 'न भरून निघणारी पोकळी', 'असा माणूस पुन्हा होणे नाही'. हे सगळे शब्द कोठे भेटतात? शोकसभेत, मृत्युलेखात आणि चौकातल्या फलकावर. म्हणजे ज्याची जागा दुसऱ्याने भरत नाही अशा गोष्टीसाठी आपल्याकडे शब्द आहेत, पण ते ती गोष्ट गेल्यानंतरचे. समोर जिवंत असलेल्या माणसाला, उभ्या असलेल्या वास्तूला, अजून बोलल्या जाणाऱ्या बोलीला 'याच्या जागी दुसरे येणार नाही' असे साध्या विशेषणाने सांगायची सोय आपल्या रोजच्या मराठीत नाही. इंग्रजी शब्द वर्तमानकाळात चालतो, आपला शब्द भूतकाळात.

उंब्रजहून कृष्णेच्या प्रवाहाबरोबर खाली गेले की कराडच्या पुढे सांगली येते. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेले. १८६९ पासून चालत आलेल्या सांगली नगर वाचनालयातही ते पाणी शिरले आणि तेथील ग्रंथांची मोठी हानी झाली. त्यानंतर 'अमूल्य ठेवा', 'न भरून येणारी हानी' हे शब्द सर्वत्र उमटले, आणि ते खोटे नव्हते. पण ग्रंथालयाच्या दाखल नोंदवहीचा नमुना ज्यांनी पाहिला आहे त्यांना ठाऊक असेल की तिच्यात प्रत्येक ग्रंथापुढे किमतीचा एक रकाना असतो, आणि शंभर वर्षांपूर्वीच्या ग्रंथापुढे त्यात आणे किंवा फार तर दोन-चार रुपये लिहिलेले असतात. अशी नोंदवही पंचनाम्याला आली तर दुर्मीळ ग्रंथाची भरपाई काय निघणार? येथेही तोच प्रकार. भाषणात अमूल्य, वहीत आठ आणे. जुना ग्रंथसंग्रह नदीकाठच्या गावात तळमजल्यावर ठेवू नये, हे सांगायची वेळ पुराच्या आधीची असते. त्या वेळी मात्र 'न भरून येणारी' हे शब्द कोणी उच्चारत नाही, कारण भरून यायला अजून काही रिकामे झालेले नसते.

याचा अर्थ 'इररिप्लेसेबल' जसाच्या तसा उचलावा असा नव्हे. त्या शब्दामागची कल्पनाही आपल्या जगण्याशी सर्वस्वी जुळत नाही. ती संग्रहालयाची कल्पना आहे: मूळ वस्तू, मूळ द्रव्य, त्याला धक्का नको. आपल्याकडे देवळांचे जीर्णोद्धार होतात, भंगलेली मूर्ती विसर्जित करून नवी बसवतात, तिची प्राणप्रतिष्ठा करतात, आणि देव तोच राहतो. धरणाखाली गेलेल्या गावांनी नव्या वसाहतीत आपली दैवते पुन्हा बसवली आहेत. पण यावरून आपल्याला सगळेच बदलून चालते असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. समर्थ रामदासांनी सतराव्या शतकात स्थापलेल्या अकरा मारुतींपैकी एक उंब्रजला आहे. मसूरचा मारुती जवळच आहे, चाफळचे दोन फार दूर नाहीत. देव एकच, तरी अकरा मारुतींना निघालेला भाविक मसूरचे दर्शन झाले म्हणून उंब्रज टाळत नाही. दगड बदलता येतो, गाव बदलता येत नाही. आपल्याकडचे 'न बदलण्याजोगे' हे वस्तूपेक्षा तिच्या ठिकाणाशी आणि तिची देखभाल करणाऱ्या माणसांशी बांधलेले आहे. कोयनेच्या माणसाला देव बरोबर नेता आला. नदीकाठची जमीन नेता आली नाही, आणि बदल्यात मिळालेली बाजारभावाची रक्कम ही तिची बदली नव्हती.

मग शब्द कोणता वापरावा? नवा घडवण्याची आवश्यकता नाही असे माझे मत आहे. जुन्या मराठीत एक शब्द आहे, जो आज आपण विम्याच्या आणि शेअरबाजाराच्या हवाली केला आहे: 'जोखीम'. आज त्याचा अर्थ धोका एवढाच उरला. पण दागिने घालून प्रवासाला निघालेल्या सुनेला घरातली वडील मंडळी 'अंगावर जोखीम आहे, जपून जा' असे सांगत, तेव्हा जोखीम म्हणजे ती मौल्यवान वस्तूच असे. मोलाची वस्तू, तिची जबाबदारी आणि ती जाण्याची भीती, हे तिन्ही त्या एका शब्दात बसत होते. जोखमीला किंमत असते, ती नाकारावी लागत नाही. आणि मुख्य म्हणजे ती कोणाच्या तरी अंगावर असते. अमूल्य वस्तू हवेत तरंगू शकते, जोखीम तरंगू शकत नाही. 'ठेव' हा शब्दही याच कुळातला: ठेव दुसऱ्याची असते, आणि ती मागितल्यावर परत करायची असते.

नदीकाठचा ग्रंथसंग्रह, शेवटच्या काही वृद्धांनाच येणारी एखादी बोली, उठवल्या जाणाऱ्या गावातली जमीन, घरातल्या बाईचे पाच तास: यांना 'अमूल्य' म्हणण्याऐवजी 'जोखीम' म्हणून पाहावे. लगेच पुढचा प्रश्न येतो: कोणाच्या अंगावर? ग्रंथालयाच्या कार्यकारी मंडळाच्या, सरकारच्या, की आपल्या? 'अमूल्य' म्हटल्यावर हा प्रश्न कोणी विचारत नाही. म्हणूनच तो शब्द सभेत इतका लोकप्रिय आहे. यापुढे व्यासपीठावरून कोणी एखाद्या गोष्टीला अमूल्य म्हटले, तर श्रोत्यांनी टाळ्या वाजवण्यापूर्वी तिचा हिशेब कोणाकडे आहे आणि त्यात आकडा काय लिहिला आहे, एवढे विचारून पाहावे. उत्तर बहुतेक वेळा 'विनामूल्य' असेच निघेल, असा माझा अंदाज आहे. वाचकांना याहून वेगळे अनुभव असतील, तर ते वाचायला मला आवडेल.